चाळीस शब्दांची संथा

अन्याय झाला तो उषा नारायण टोकेकर हिच्यावर. मंगळवारी, संध्याकाळी पावणेसहा वाजता, दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात, बंद पंख्याखालच्या तिसऱ्या बाकावर. अन्याय करणाऱ्याच्या हातात लाल पेन होतं. साक्षीदार चौदा, त्यातली एक मी. उषा टोकेकर ही माझी आई.

अशी सुरुवात केली म्हणून दचकू नका, मला दुसरी येतच नाही. एकोणिसाव्या वर्षी मी ज्या गटात शिरले तिथं पत्रकं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि तिथल्या दीदीनं पहिल्याच दिवशी कुल्हडाच्या कडेवर बोट वाजवत दंडक घालून दिला. पहिल्या ओळीत कोण आणि कधी. शेवटच्या ओळीत मागणी. मधे रडायचं नाही. "लोग नुक्कड़ पर खड़े-खड़े पढ़ते हैं, मिनू. तुम्हारे आँसुओं के लिए किसी के पास टाइम नहीं है." मी नळाच्या पाण्यासाठी पत्रकं लिहिली, नावाड्यांसाठी लिहिली, वाचनालयाच्या कुलपाविरुद्ध लिहिली. आता तिशी उलटली, गट फुटला, दीदीचं लग्न झालं, पण मी आठवणी लिहायला बसले तरी हात आपला पत्रकच लिहितो. लिहू दे. त्या हिवाळ्यात आमच्या घरात जे घडलं ते आठवलं की मला आजही एकटीला हसू फुटतं, आणि हसता हसता मुठी वळतात. दोन्ही एकदम. ते कसं सांगायचं याचा दंडक दीदीनं दिला नव्हता.

आमचं घर अमृतराव घाटावरून वर चढणाऱ्या गल्लीत. दोन खोल्या, एक स्वैपाकघर आणि वर छत. बाबा वैदिक. पहाटे त्यांचं पठण, मग घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं-तर्पणं, दुपारी घरी येऊन जेवण आणि परत पठण. आईचा जन्म ह्याच शहरातला, दोन घाट सोडून. तिनं महाराष्ट्र पाहिलाय तो आगगाडीच्या खिडकीतून, मामेबहिणीच्या लग्नाला जाताना, तोही अर्धा झोपेत. त्यामुळे आमच्या घरातली मराठी म्हणजे काशीची मराठी. ताला लाव, बाल्टी भर, कपडे छतावर सुखव, थोडं इंतजार कर. नाशिकची आत्या आली की पदराआड हसायची. मला राग यायचा. आई म्हणायची, "हसू दे गं, समझते ना तिला, मग झालं तर." सकाळी पोह्यांऐवजी चूडा-मटर, दुपारी मात्र आत्यानं धाडलेल्या गोड्या मसाल्याची आमटी. खालच्या मंदिराची घंटा, नदीवरून मोटरबोटींची घरघर, शेजारच्या छतावर मिसराइन चाचीचं माकडांशी भांडण, आणि या सगळ्याखाली, तंबोऱ्यासारखं, बाबांचं पठण. ते थांबलं की घरातल्या सगळ्यांना कळायचं, आता भूक लागली.

आईला एक गोष्ट हवी होती. आमच्या मराठी मंडळात शनिवारी मुलांचा वर्ग भरतो. सहा वर्षं आई तिथं जाऊन सतरंज्या घालायची, मुलांची नाकं पुसायची, आणि शिकवणाऱ्या बाईंना उशीर झाला की गोष्ट सांगत बसायची. मुलं बाईंना विसरून आईभोवती गोळा व्हायची. मग त्या बाई मुलाकडे राहायला गेल्या. मंडळाचे अण्णा घरी येऊन चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, वर्ग तुम्हीच घ्या हो, पण नुसतं असं नाही चालणार. कागद हवा. मराठीची पदविका करून टाका." आईचं शिक्षण बारावीवर लग्नानं थांबवलेलं. (हे वाक्य मी मुद्दाम असं लिहिलंय. ते आपोआप थांबलं नव्हतं.) चालत वीस मिनिटांवर एका संस्थेत पदविकेचा संध्याकाळचा वर्ग होता. संस्थेचं नाव लिहीत नाही. आईनं फॉर्म भरला, आणि एकटीला लाज वाटते म्हणून मलाही भरायला लावला. मायलेकी एका बाकावर. वर्गात हजेरीला "टोकेकर" म्हटलं की आम्ही दोघी एकदम "हजर" म्हणायचो, आणि सर दर वेळी चष्म्यावरून बघायचे.

सर महाराष्ट्रातून बदलून आलेले. त्यांना इथं काहीच रुचत नव्हतं, ना हवा, ना भाजी, ना आमची मराठी. त्यांनी पहिल्याच आठवड्यात एक झेरॉक्स वाटली. तिच्यावर चाळीस शब्द. आशय, अभिव्यक्ती, रूपबंध, निवेदक, दृष्टिकोन, प्रतिमा, प्रतीक, वातावरण, ताण, उपरोध, सूचकता... असे खाली खाली उतरत गेलेले. म्हणाले, "ही समीक्षेची परिभाषा. हिच्याशिवाय साहित्यावर लिहिणं म्हणजे चपलांशिवाय लग्नाला जाणं." मी पत्रकवाली, मला तपासणाऱ्याची रीत हुडकायला दोन निबंध पुरले. सर निबंध वाचत नसत. ते यादीतला शब्द दिसला की त्याखाली लाल रेघ ओढत, आणि शेवटी रेघा मोजून गुण देत. झालं. मी रेघा पिकवायला लागले.

तर कविता. अभ्यासाला एक बारा ओळींची कविता होती. एक बाई नदीवर भांडं घासते आहे, संध्याकाळ होते आहे, ती घासते आहे. संपली. माझ्या निबंधाचं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे: 'प्रस्तुत कवितेच्या व्यामिश्र रूपबंधातून आशय आणि अभिव्यक्ती यांचे अद्वैत प्रतीत होते.' म्हणजे काय? मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आजही नाही. वीसपैकी सतरा. आईचा निबंध दीड पानाचा. त्यात तिनं लिहिलं होतं: 'ही बाई बरतन घासते आहे, पण बरतन तर तिसऱ्या ओळीतच साफ झालं आहे, कारण तिथे त्यात आभाळ दिसतं. तरी ती पुढच्या नऊ ओळी घासतच राहते. तिला घरी जायचं नाही.' सरांनी 'बरतन'भोवती लाल गोल काढला होता. खाली शेरा: 'भाषा घरगुती. परिभाषेचा पूर्ण अभाव.' वीसपैकी चार. तो शेरा त्यांनी वर्गात मोठ्यानं वाचला. पावणेसहा वाजले होते. आई उभी होती, आणि तिनं "जी सर" म्हटलं.

परतताना मी रस्ताभर पेटलेली. कचोरीवाल्याच्या कढईपेक्षा मी जास्त तापले होते. "त्यांना कविता तरी कळलीये का? तुलाच कळली, एकट्या तुला! मी सोडणार नाही." जिलबीच्या दुकानापाशी गायीला वाट देत आई थांबली आणि म्हणाली, "मिनू, रूपबंध म्हणजे काय गं?"

मी त्या निबंधात तो शब्द तीनदा वापरला होता. "म्हणजे... ते रूप असतं ना, ते... बंध."

"हां," आई म्हणाली. "तू पण इंतजारच करतेयस वाटतं अर्थाचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्रक लिहून काढलं. मथळा: 'परिभाषेची हुकूमशाही चालणार नाही!' खाली कोण, कधी, किती गुण, आणि तीन मागण्या. शेअर ऑटोनं पुलावरून रामनगरला गेले, तिथला छापखाना आमच्या गटाचा नेहमीचा. छापखान्याचे चाचा चष्मा कपाळावर चढवून अक्षर अक्षर लावत बसले. "परिभाषा की... हुकूमशाही... ई परिभाषा कौन है बिटिया? कवनो अफसर है?"

"अफसर ही समझिए, चाचा."

"तब तो हटाओ ससुरी को," ते म्हणाले आणि तीनशे प्रती छापून दिल्या, वर कोपऱ्यात आपल्या मनानं एक वळलेली मूठ टाकून.

गठ्ठा घेऊन मी घरी आले तेव्हा आई तव्यापाशी होती. तिनं हात पुसले, एक कागद उचलला आणि उभ्या उभ्या पूर्ण वाचला. पोळी करपली. "छान लिहिलंयस. जोर आहे," ती म्हणाली. "पण मला विचारलंस?"

"यात विचारायचं काय? तुझ्यावर अन्याय झालाय!"

"झालाय. पण ते शब्द मला नकोत असं तुला कोणी सांगितलं? मला हवेत. चाळीसच्या चाळीस. सर मागतात म्हणून नाही गं. मला दिसतं, पण मला जे दिसतं त्याला नाव नसतं माझ्यापाशी. पंचवीस वर्षं अशा बिननावाच्या गोष्टी डोक्यात घेऊन पोळ्या लाटतेय मी. आणि तू म्हणतेस नावं हटाव." तिनं कागद उलटा केला. "एका बाजूनं कोरा आहे ना? बढिया." आणि कणकेच्या बोटांनी माझंच पेन घेऊन तिनं हुकूमशाहीच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: आशय.

मी रागानं छतावर जाऊन बसले. आज कबूल करते, माझा राग सरांवर कमी आणि आईवर जास्त होता. आपण कुणासाठी लढायला निघावं आणि त्यानंच आपला झेंडा घेऊन त्याचं पुसणं करावं, याइतका अपमान नाही. पण अर्ध्या तासानं खाली आले तर स्वैपाकघरात डाळीच्या डब्यावर 'आशय' चिकटलेला, पापडाच्या डब्यावर 'अभिव्यक्ती', आणि आई डिंकाची बाटली घेऊन स्टुलावर चढलेली. मला हसू आवरेना.

त्यानंतरचे पंधरा दिवस आमच्या घरात निव्वळ वेडाचा कारभार होता. कपडे वाळत घालायच्या दोरीवर 'ताण'. बाबांच्या खुंटीवर 'निवेदक'. आरशावर 'प्रतिमा', फ्रिजवर 'वातावरण'. 'रूपबंध' खिडकीला लावला होता, तो दुसऱ्याच दिवशी माकडानं नेला, आणि मिसराइन चाचीच्या छतावर बसून त्यानं तो फाडून खाल्ला. चाळीस शब्द, चाळीस जागा, आणि प्रत्येकाच्या पाठीला माझी वळलेली मूठ. अर्थ शोधायला मी वाचनालयातून कोश आणायचे. कोशात एका शब्दाचा अर्थ दुसऱ्या तीन अवघड शब्दांत दिलेला असायचा. आई मग ते सगळं बाजूला सारून घरातच पडताळा घ्यायची. जेवताना बाबा म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे."

"हा तुमचा दृष्टिकोन झाला," आई म्हणाली. "आशयात मीठ आहे."

"मग अभिव्यक्तीत घाल थोडं," बाबा म्हणाले, आणि आम्ही दोघी ताटावर कोसळलो. बाबांना आपण विनोद केला हे कळलंच नव्हतं. त्यांना खरंच मीठ हवं होतं. मी विचारावं, "आई, माझा पांढरा कुर्ता?" तर तिनं लाटणं उगारून म्हणावं, "संदर्भ दे!" आत्याचा फोन आला, तिनं नेहमीप्रमाणे आमच्या 'बाल्टी'ची फिरकी घेतली, तर आई गोड आवाजात म्हणाली, "वन्सं, तुमचा उपरोध कळला हो." आई फोन ठेवून नाचली. पंचेचाळीस वर्षांची बाई, हातात चिमटा घेऊन, गॅसपाशी नाचली.

पण शब्द राहात नव्हते. आज आलेले उद्या जात. निबंध हुकला होता, उरली होती तोंडी परीक्षा, तिला बाहेरून परीक्षक येणार, आणि तिथं चांगले गुण पडले तरच आई पदविका पास होणार होती. नाहीतर शनिवारचा वर्ग गेला. अण्णांनी दुसऱ्या कोणाला तरी विचारून ठेवलंय अशी बातमी आलीच होती. चौथ्या-पाचव्या दिवशी बाबांनी आईला डब्यांपुढे डोळे मिटून पुटपुटताना पाहिलं आणि ते म्हणाले, "अगं, अशी नाही विद्या येत. डब्यावरून वाचून काय होतंय? संथा घ्यावी लागते." आणि त्यांनी भिंतीला टेकवलेले दोन पाट उचलून समोरासमोर मांडले.

संथा म्हणजे वेद शिकायची रीत. गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यानं दोनदा. अक्षर चुकलं की पुन्हा मुळापासून. अर्थ मागाहून, आधी अक्षर. आमच्या घरात ती फक्त पुरुषांसाठी होती. पंचवीस वर्षं आई तो आवाज स्वैपाकघरातून ऐकत आली होती. बाबा पठणात कुठं अडखळले की तिच्या लाटण्याचा ठेका चुकायचा, इतकं तिला ते ऐकून ऐकून ठाऊक होतं. पण त्या पाटावर ती कधी बसली नव्हती. मी अर्थातच झडप घातली. "बाबा, आईला संथा? चालतं तुमच्यात?"

"हा वेद नव्हे."

"मग वेद का नाही चालत?"

"मिनू, तू तुझं पत्रक लिही."

"लिहीनच!"

"तू गप गं," आई म्हणाली. ती पदर खोचून पाटावर बसलीसुद्धा होती, गुडघ्यावर हात, पाठ ताठ. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला चाळिसात शब्द नाही. ते भांडण मी पुढं बाबांशी केलं, अजून करते आहे, आणि जिंकेपर्यंत करणार आहे. पण त्या क्षणी आई बसली होती.

बाबांनी यादी हातात धरली आणि जणू ऋचाच आहे अशा गंभीर आवाजात म्हटलं, "आशयः अभिव्यक्तिः—" मग थांबून, "मराठीत आहे होय," असं पुटपुटून पुन्हा, "आशय अभिव्यक्ती." आईनं दोनदा. "अभिव्यक्ती रूपबंध." दोनदा. "रूपबंध निवेदक." याला क्रम म्हणतात, एकेक शब्द पुढच्याला बांधत न्यायचा, म्हणजे मधला गळत नाही. बाबांनी मानेनं स्वरही लावून दिले. 'प्रतीक'ला मान खाली, 'उपरोध'ला वर. रोज सकाळी एक तास. तिसऱ्या दिवशी मिसराइन चाची कठड्यावरून वाकली. "पंडिताइन, ई कौन देवी का पाठ बइठाए हो? बड़ा कठिन लग रहा है."

"समीक्षा देवी का," मी म्हटलं.

चाचीनं डोक्यावरून पदर घेऊन हात जोडले. दुसऱ्या दिवशी तिच्याकडून झेंडूची फुलं आली, तिसऱ्या दिवशी जिलब्या, आणि आठवडाभरानं ती हळूच विचारायला आली की आपल्या बबलीचं लग्न जमत नाही, तर तिच्यासाठी हा पाठ होईल का? आई हसून हसून जिन्यात बसली. बाबा मात्र गंभीरपणे म्हणाले, "करून बघायला हरकत नाही."

परीक्षा बुधवारी. सोमवारी चाळीसच्या चाळीस, न अडखळता. मंगळवारी सकाळी आई पाट मांडायला गेली तर बाबा सोवळं बदलत म्हणाले, "आज प्रतिपदा. अनध्याय."

अनध्याय म्हणजे अभ्यासाला सुट्टी, आणि ती सक्तीची. त्या तिथीला म्हटलेलं पाठांतर विसरतं अशी समजूत. "अहो, परीक्षा उद्या आहे!" आई रडकुंडीला आली. "एकदा तरी म्हणा!" बाबा हलले नाहीत. मी म्हटलं, आपण चोरून म्हणू, तर ती आणखी घाबरली, विसरलं तर? पंचवीस वर्षांनी मिळालेली संथा तिला पणाला लावायची नव्हती. शेवटी ती मटारची टोपली आणि ती कविता, एवढंच घेऊन उन्हात छतावर जाऊन बसली. शब्द म्हणायची बंदी होती, कविता वाचायची नव्हती. मी बाजूला पडून होते. ती एक शेंग सोलायची, एक ओळ वाचायची, नदीकडे बघायची. बऱ्याच वेळानं स्वतःशीच म्हणाली, "अच्छा. म्हणजे ते हे होय."

"काय?"

"उद्या," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडात मटार कोंबले.

तोंडी परीक्षा त्याच वर्गात. परीक्षक बाई साठीच्या, खादीचं लुगडं, मफलर गुंडाळलेला, शेजारी सर रजिस्टर घेऊन. आम्ही बाकीचे मागच्या बाकांवर. बाईंनी यादी उघडली. "टोकेकर, उषा. निवेदक म्हणजे काय?"

आईनं डोळे मिटले. हात गुडघ्यावर गेला. "आशय अभिव्यक्ती, अभिव्यक्ती रूपबंध, रूपबंध निवेदक, निवेदक!" डोळे उघडले. "निवेदक म्हणजे सांगणारा. कवी नव्हे, कवीनं कामाला लावलेला माणूस."

वर्गात पिन पडली असती तर तीही हसली असती. सर म्हणाले, "हे काय चाललंय?"

"थांबा हो, बरोबर सांगितलं त्यांनी," बाई म्हणाल्या. "ताण?"

आई पुन्हा आशयापासून निघाली. क्रमानं, मानेसकट, सहा, सात, आठ, आणि नवव्याला पोचली. "मधूनच नाही का येत?" बाईंनी विचारलं.

"नाही येत हो, बाई. मला मुळापासूनच आहे."

तोपर्यंत हसू दाबता दाबता मला उचकी लागली होती. तिसऱ्या प्रश्नाला मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच साथ धरली. चौथ्याला अर्धा वर्ग म्हणत होता, सगळ्यांच्या माना 'प्रतीक'ला खाली, 'उपरोध'ला वर. सरांनी टेबलावर डस्टर आपटलं. बाईंचे खांदे मफलराखाली गदगदत होते. त्यांनी यादी मिटली, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "यादी पुरे. ती नदीवरची कविता. काय वाटलं तुम्हाला?"

आता आईला कुठलाच मूळ शब्द नव्हता धरायला. तिनं सरांकडे पाहिलं. "ती बाई बरतन... भांडं—"

"बरतन चालेल," बाई म्हणाल्या.

"ते तिसऱ्या ओळीतच साफ झालंय. आभाळ दिसतं त्यात. तरी ती घासतेय. तिला घरी जायचं नाही, पण कवितेत असं कुठं लिहिलेलं नाही. घर हा शब्दच नाही तिच्यात. मी काल सगळी पाहिली. नवऱ्यानं मारलं, सासू वाईट, काही नाही. नुसतं बरतन, आणि अंधार होतो. न सांगता सगळं सांगितलंय. निबंधात मी हे लिहिलं होतं पण त्याचं नाव मला माहीत नव्हतं. ही सूचकता."

आशय नाही, अभिव्यक्ती नाही, रूपबंध नाही. अकरावा शब्द थेट आला. मधूनच. आईलाही ते बोलून झाल्यावर कळलं, कारण तिनं तोंडावर हात ठेवला.

बाई सरांना म्हणाल्या, "निबंधात हे सगळं आहे. मी वाचलाय. चार?"

"परिभाषा नव्हती," सर म्हणाले. "आणि आता गुण नियमानं बदलता येत नाहीत."

मग माझी पाळी. बाईंनी माझा निबंध पुढं ओढला आणि पहिलं वाक्य वाचलं. "अद्वैत प्रतीत होतं म्हणतेस. कुठल्या ओळीत?" मला चाळीसच्या चाळीस शब्द येत होते, पुढून, मागून, उचकीसकट. ओळ एकही दाखवता आली नाही. माझे सतरा तसेच राहिले. तेही नियमानंच. हा त्या अन्यायाचा दुसरा अर्धा भाग, आणि तो माझ्या नावावर आहे. पत्रकात तो मी घातला नव्हता.

आई तोंडीच्या गुणांवर पास झाली. घरी परतलो तर बाबा दारातच उभे. "सगळे चाळीस आले?"

"एकच आला," आई म्हणाली. "मधूनच आला."

बाबांनी जरा विचार केला. "मधून आला? मग झाली विद्या. मुळापासून कोणीही म्हणतं." आणि आत जाऊन त्यांनी स्वतः चहा ठेवला, जो ते कधी ठेवत नाहीत, आणि ज्यात साखर नव्हती.

शनिवारचा वर्ग आज आईचा आहे. ती मुलांना आधी विचारते, "काय दिसलं?" मूल सांगतं, मोडकंतोडकं, निम्मं हिंदीत. मग ती म्हणते, "शाबास. आता त्याला नाव देऊ या." याच क्रमानं, उलट कधीच नाही. सर परत महाराष्ट्रात गेले. जायच्या आदल्या दिवशी आईनं त्यांना जेवायला बोलावलं. मी विरोध केला होता. आमटीचा भुरका मारून ते खाली बघत म्हणाले, "उषाताई, ती तिसरी ओळ मला दिसली नव्हती." मी म्हटलं, "सर, हे लिहून द्या. त्या निबंधावरच द्या, मी आणते." ते हसले आणि भात मागितला. आईनं मला डोळ्यांनी दटावलं. निबंध अजून माझ्यापाशी आहे. त्यावर चार आहेत, लाल गोल आहे, 'भाषा घरगुती' आहे, आणि ती तिसरी ओळ सरांना दिसली नव्हती, हे त्यावर कुणीही लिहिलेलं नाही.

म्हणून मागणी आता तुमच्याकडे. तुमच्यापुढे कुणाचं लिहिलेलं येत असेल, विद्यार्थ्याचं, सुनेचं, हाताखालच्या माणसाचं, तर शेरा मारण्याआधी त्याला काय दिसलं ते एका वाक्यात, तुमच्या हातानं, त्याच कागदावर लिहा. लिहिता येत नसेल तर पेनाला टोपण लावा आणि पुन्हा वाचा.